‘दिसलं का?’ : १४४ मुलं, दोन दुर्बिणी आणि दोन तासांचं आकाशदर्शन

परिस्थिती अशी आहे. पाचवी ते सातवीची १४४ मुलं. दोन दुर्बिणी: एक १५० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (जमिनीवर ठेवलेल्या फिरत्या बुडावर बसणारी), दुसरी ७० मिमी भिंगाची, ७०० मिमी नाभीय अंतराची, तिपाईवर बसणारी. दोघींसोबत २५ मिमी आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. मैदान शाळेचंच. वेळ सूर्यास्तानंतर पाऊण तासाने सुरू, पुढे दोन तास. अनेक शाळांत थोड्याफार फरकाने हेच घडतं. ते नीट उलगडता यावं म्हणून इथे एकाच शाळेच्या दोन संध्याकाळी म्हणून मांडलं आहे: पहिली फसलेली, दुसरी पुन्हा आखलेली.

पहिल्या संध्याकाळनंतर कोणाचीच तक्रार नव्हती. शिक्षक खूश, मुलं खूश, पालकांनी फोटो काढलेले. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काल दुर्बिणीतून जे पाहिलंस ते काढ’ असं सांगून कोरे कागद वाटले, तेव्हा खरा प्रकार कळला. चंद्राच्या चित्रांत भाकरीवर फोड यावेत तसे सगळीकडे सारखे गोल खड्डे होते आणि बऱ्याच गुरूंना कडी होती. दुर्बीण त्या संध्याकाळी शनीकडे वळलीच नव्हती. मुलांनी पुस्तकातलं चित्र आठवून काढलं होतं, कारण आठवायला दुसरं काही नव्हतं. दुर्बिणीपाशी प्रत्येकाला ‘दिसलं का?’ असं विचारलं होतं आणि प्रत्येकाने ‘हो’ म्हटलं होतं. मागे पन्नास मुलं ढकलाढकली करत असताना दहा वर्षांचं मूल दुसरं काय म्हणणार?

मुलांनी पाहिलं होतं, पण त्यांना दिसलं नव्हतं. ही फट कुठे पडली ते एकेक करून पाहू.

हिशेब आधीच चुकला होता

सुरुवात साध्या भागाकाराने करायला हवी होती. चढणं, डोळा लावणं, ‘काहीच दिसत नाही’ म्हणणं, मोठ्याने पुढे होऊन दुर्बीण पुन्हा जुळवणं आणि परत डोळा लावणं यात एका मुलामागे सरासरी ७० सेकंद गेले, तर १४४ मुलांना १०,०८० सेकंद लागतात, म्हणजे १६८ मिनिटं. हातात १२० होती. दोन्ही दुर्बिणी एकाच वेळी चालू होत्या हे खरं, पण प्रत्येक मुलाला दोन्ही रांगांत उभं राहायचं होतं, त्यामुळे एकेका दुर्बिणीसमोरून १४४ मुलं जाणारच होती. म्हणजे पहिल्या मिनिटालाच हे काम वेळेत बसणारं नव्हतं. अर्ध्या तासाने हे लक्षात आल्यावर मोठी माणसं नेहमीचं करतात: ‘पटकन, पटकन’ म्हणू लागतात. तिथून पुढे प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठ-दहा सेकंद येतात, आणि न सरावलेल्या डोळ्याला तेवढ्या वेळात आयपीसमधला उजेडसुद्धा सापडत नाही.

तिथी चुकली

कार्यक्रमाला पौर्णिमा निवडली होती, ‘चंद्र मोठा दिसेल’ म्हणून. दुर्बिणीतून चंद्र दाखवायला महिन्यातली ही सगळ्यात वाईट रात्र. पूर्ण चंद्रावर सूर्याचा प्रकाश जवळजवळ आपल्या पाठीमागून पडतो. त्यामुळे तिथल्या प्रत्येक डोंगराची सावली आपल्या दृष्टीने त्याच्याच मागे लपते. सावली नाही तर खोली नाही, आणि खोली नसेल तर विवर हा नुसता फिकट डाग असतो. शिवाय पूर्ण चंद्र अर्ध्या चंद्रापेक्षा दहापटीहून जास्त तेजस्वी असतो. त्यात १५० मिमीची दुर्बीण लावल्यावर मूल डोळा मिटून मागे सरकतं आणि मग पुढची काही मिनिटं त्याला गुरूही धड दिसत नाही.

तिसरी अडचण उंचीची. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. कार्यक्रम सुरू होताना तो क्षितिजापासून दहाएक अंशांवर, झाडांच्या आणि इमारतीच्या मागे होता. पहिल्या मुलांनी रांगेत उभं राहून पानंच पाहिली. डॉब्सोनियनची नळी इतकी आडवी झाली की आयपीस जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटरवर आला आणि सातवीची उंच मुलं कमरेत वाकून, तोल सावरायला नळीलाच धरत होती.

अर्धा चंद्र, म्हणजे शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा, सूर्यास्ताला आकाशात उंचावर असतो, साधारण मध्यरात्रीपर्यंत मावळत नाही आणि त्याच्या मधोमध दिवस-रात्रीची सीमारेषा असते. या रेषेवर सूर्य नुकताच उगवत असल्याने सावल्या लांबच लांब पडतात: सूर्य १० अंशांवर असेल तर उंचीच्या सुमारे साडेपाचपट. अर्ध्या चंद्रानंतरच्या बारा ते चोवीस तासांत रेषेच्या मध्याजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन मोठी विवरं एकाखाली एक उजळतात. टॉलेमियस सुमारे १५० किमी रुंदीचं आहे. साध्या दुर्बिणीतही मूल ही तिन्ही बोटावर मोजू शकतं. फसलेल्या पौर्णिमेनंतर पुढचा अर्धा चंद्र सुमारे बावीस दिवसांनी येतो, आणि दुसऱ्या संध्याकाळची तयारी करायला एवढे दिवस लागतातच.

आयपीस चुकला

ही चूक सगळ्यात कमी लक्षात येते, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिल्या संध्याकाळी दोन्ही दुर्बिणींना १० मिमीचे आयपीस होते. ‘मोठं दिसतं’ हे त्यामागचं कारण. डॉब्सोनियनमध्ये १२०० भागिले १० म्हणजे १२०पट, ७० मिमीच्या दुर्बिणीत ७०पट. आता या आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी काढू. आरशाचा व्यास भागिले वर्धन: १५० भागिले १२० म्हणजे सव्वा मिलिमीटर, दुसरीत ७० भागिले ७० म्हणजे एक मिलिमीटर. मुलाला आपली बाहुली या एक-सव्वा मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेमकी आणायची आहे. त्यातही साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसमध्ये डोळा काचेपासून किती दूर ठेवायचा ते अंतर आयपीसच्या नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर टक्के असतं. १० मिमीच्या आयपीसला ते ७ मिमी भरतं. पापण्या काचेला लागतात, मूल डोळे मिचकावतं, काच ओली आणि धुरकट होते. चष्मा लावणाऱ्या मुलाला तर तिथवर पोचताच येत नाही.

२५ मिमीचा आयपीस लावला तर डॉब्सोनियनमध्ये ४८पट वर्धन आणि ३ मिमीचा झोत मिळतो, छोट्या दुर्बिणीत २८पट आणि २.५ मिमीचा. डोळा १७ मिमी दूर ठेवून चालतो. अडीचपट रुंद लक्ष्य आणि अडीचपट अंतर, एवढा हा फरक आहे.

दुसरा भाग पृथ्वीच्या फिरण्याचा. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). १० मिमीच्या आयपीसमधून डॉब्सोनियनचं दृष्टिक्षेत्र सुमारे २५ कलांचं असतं. मध्यभागी आणलेला गुरू ५० सेकंदांत कडेला जातो आणि पुढच्या मुलाला मोकळं आकाश दिसतं. २५ मिमीला क्षेत्र एक अंशाहून किंचित मोठं होतं आणि हाच वेळ दोन मिनिटांवर जातो. त्यात एक युक्ती आहे: वस्तू मध्यभागी न ठेवता, ती ज्या कडेकडे सरकते त्याच्या समोरच्या कडेपाशी ठेवायची. मग ती पूर्ण क्षेत्र ओलांडते आणि मिळणारा वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी दोन गोष्टी बदलल्या. १० मिमीचे आयपीस पेटीतच राहिले. आणि दुर्बिणींची कामं उलटी केली: चंद्र ७० मिमीच्या दुर्बिणीला, गुरू डॉब्सोनियनला. चंद्राला प्रकाश गोळा करायची गरजच नसते. २८पट वर्धनात पूर्ण चंद्रबिंब क्षेत्रात मोकळं बसतं, झळ लागत नाही आणि ते मध्यभागी आणल्यावर अडीच मिनिटं शाबूत राहतं. गुरूला मात्र १५० मिमीचा आरसा कामी येतो: ४८पट वर्धनात चार उपग्रह आणि दोन ठळक पट्टे दिसू शकतात.

मुलाला काय दिसणार आहे, ते आधीच सांगायचं

चित्रांतल्या गुरूने मुलांचं नुकसान केलं आहे. अंतराळयानाने घेतलेलं पानभर छायाचित्र डोक्यात ठेवून मूल आयपीसला डोळा लावतं आणि तिथे असतो एक छोटा, लुकलुकणारा गोल. त्याला वाटतं, आपल्याला काही दिसलंच नाही. म्हणून आकार आधी मोजून द्यावा. गुरूचं बिंब सुमारे ४५ विकलांचं असतं. ४८पट वर्धनात ते सहा दशांश अंशांचं होतं, म्हणजे हात लांब करून धरलेल्या कागदावरच्या ५ मिमीच्या वर्तुळाएवढं. वर्गात प्रत्येक मुलाने असं वर्तुळ काढून, हात लांब करून पाहायचं. ‘एवढाच दिसणार, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके’ हे माहीत असलेलं मूल ठिपके शोधतं. न सांगितलेलं मूल गुरूवरच्या लाल डागासाठी डोळे ताणतं.

याच तासाला डोळा लावण्याचा सरावही करून घ्यायचा. पुठ्ठ्याच्या तुकड्याला ३ मिमीचं छिद्र पाडायचं, तो डोळ्यासमोर बोटभर अंतरावर धरायचा आणि भिंतीवरचं अक्षर त्यातून वाचायचं. पुठ्ठ्याला हाताने धरायचं, गालाने रेटायचं नाही. ज्यांना एक डोळा मिटता येत नाही (आणि अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात) त्यांनी तो तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. या वीस मिनिटांनी मैदानावरचे प्रत्येक मुलामागचे दहा-पंधरा सेकंद वाचतात.

दुसरी संध्याकाळ: सहा जागा, सहा गट

१४४ मुलांचे २४चे सहा गट. मैदानावर सहा जागा. प्रत्येक जागेवर १८ मिनिटं, पुढच्या जागेवर जायला २ मिनिटं. सहा गुणिले वीस म्हणजे बरोबर १२० मिनिटं. दुर्बिणीपाशी १८ मिनिटं म्हणजे १०८० सेकंद, भागिले २४, प्रत्येक मुलाला ४५ सेकंद. त्यातले दहा बसायला-उठायला, पाच उजेड सापडायला, दहा दुर्बीण जुळवायला. उरलेले वीस निव्वळ पाहायला. वीस सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण एकटक पाहणाऱ्या मुलाला ते भरपूर असतात.

रांग काढून टाकली. गटातली मुलं सतरंजीवर बसतात, गळ्यात १ ते २४ आकडे, आणि तीन-तीन आकडे पुकारले जातात. उभी रांग पुढे सरकत राहते, तिपाईला पाय लागतो आणि एका धक्क्यात दोन मिनिटांचं जुळवणं वाया जातं. तिपाईचे पाय पूर्ण न लांबवता ठेवावेत, मध्ये पाण्याची भरलेली बाटली टांगावी आणि पायांना पांढरी पट्टी चिकटवावी. डॉब्सोनियनजवळ पाठीची खुर्ची, पाठ दुर्बिणीकडे करून: वाकताना मुलाचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर असले की ते आयपीसला जात नाहीत. ‘हात लावू नको’ असं सांगण्यापेक्षा हातांना दुसरी जागा देणं कितीतरी उपयोगी पडतं. लहान इयत्ता असतील तर खुर्चीऐवजी कठडा असलेली दोन पायऱ्यांची घडवंची लागेल.

प्रत्येक दुर्बिणीपाशी दोन माणसं. एकाचं काम फक्त वस्तू क्षेत्रात ठेवणं. त्याने मुलांशी बोलूच नये. दुसरा मुलाच्या कानाशी बसतो. त्याला एका प्रश्नाची सक्त मनाई आहे: ‘दिसलं का?’ त्याऐवजी गुरूपाशी ‘ठिपके किती? एका बाजूला किती, दुसऱ्या बाजूला किती?’ आणि चंद्रापाशी ‘उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथली रेघ सरळ आहे की दातेरी? सगळ्यात मोठा खड्डा रेघेच्या कुठल्या भागात?’ उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत हवं. गुरूचे चारही उपग्रह त्या वेळी बाहेर आहेत की एखादा गुरूच्या समोर किंवा मागे आहे, हे स्टेलॅरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुपारी पाहून चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. तीन दिसत असताना मूल ‘चार’ म्हणालं तर ते पाठांतर आहे. रागवायचं नाही, ‘पुन्हा मोज’ म्हणायचं आणि मोजू द्यायचं.

प्रश्नांत डावं-उजवं, वर-खाली टाळावं. डॉब्सोनियनमध्ये प्रतिमा उलटी दिसते. ७० मिमीच्या दुर्बिणीत आयपीसआधी काटकोनी आरसा असला तर ती सरळ पण आरशातल्यासारखी बाजू बदललेली दिसते. दोन दुर्बिणींतल्या चंद्राची चित्रं जुळली नाहीत म्हणून मुलं एकमेकांशी भांडतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. हे त्यांना सांगून टाकावं.

पाहून आलेलं मूल लगेच कार्डावर चित्र काढतं. कार्डावर नाव, वेळ आणि ५ सेंमीचं रिकामं वर्तुळ छापलेलं. पाच मिनिटांनी काढायला सांगितलं तर पुस्तकातला चंद्र परत येतो.

उरलेल्या चार जागा

या जागा वेळ घालवायला नाहीत. दुर्बिणीत जे दिसलं त्याचं कारण इथे हाताखाली येतं.

विवरांचा ट्रे: ८ सेंमी खोल, चाळलेली कोरडी वाळू, वर रंगीत खडूच्या पुडीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर. दीड सेंमीचा खडा ५० सेंमीवरून, मग एक मीटरवरून सोडायचा. कडा उचलली जाते, खालची वाळू किरणांसारखी बाहेर फेकली जाते. एक गोष्ट या ट्रेमध्ये चूक दिसते आणि ती बोलून दाखवली पाहिजे: इथला खड्डा खड्यापेक्षा थोडासाच मोठा होतो. एक मीटरवरून पडलेला खडा सेकंदाला ४.४ मीटर वेगाने येतो. चंद्रावर आदळणारे दगड सेकंदाला वीसेक किलोमीटरने येतात. तिथे दगड रुतत नाही, स्फोट होतो, विवर दगडाच्या दहा-वीसपट रुंद होतं, आणि दगड तिरका आला तरी स्फोटामुळे ते बहुधा गोलच राहतं. खडे झाल्यावर टॉर्च. आधी ट्रेच्या कडेला, जवळजवळ आडवा: प्रत्येक खड्डा उठून दिसतो. मग तोच टॉर्च मुलाने स्वतःच्या डोळ्यालगत धरायचा. सावल्या नाहीशा होतात, ट्रे सपाट वाटतो. पौर्णिमेला काही का दिसलं नव्हतं, हे मूल स्वतःच सांगतं. हा ट्रे दुर्बिणींपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. खडूची पूड आरशावर बसली तर पुसताना ओरखडे पडतात.

चंद्रकलांसाठी एक अंधारी खोली, मधोमध मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एकच उघडा दिवा, आणि प्रत्येकाच्या हातात काडीवर खोवलेला पाच-सहा सेंमीचा पांढरा चेंडू. एका वेळी बाराच मुलं, दिव्यापासून दीड मीटरवर. हात लांब, तोंड दिव्याकडे, मग हळूहळू डावीकडे वळायचं. काटकोनात आलं की चेंडू बरोबर अर्धा उजळतो, आणि बाहेर आकाशात त्या क्षणी तसाच चंद्र असतो. खिडकीतून तो दिसत असेल तर शब्दांची गरजच उरत नाही. हमखास चुकतं ते एवढंच: मुलं चेंडू डोक्याच्या पातळीत धरतात आणि दिव्याकडे पाठ झाली की तो त्यांच्याच डोक्याच्या सावलीत जातो. पौर्णिमेऐवजी ग्रहण होतं. चेंडू डोक्याच्या वर धरायला सांगावं, आणि खऱ्या चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे तिथेच सांगावं. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर परत आलेल्या उजेडाने चेंडूची काळी बाजूही उजळते. मागे काळं कापड लावावं.

अंतराच्या जागेवर २० सेंमीचा चेंडू म्हणजे पृथ्वी. चंद्र ५.४ सेंमीचा. मुलांना आधी विचारायचं, चंद्र कुठे ठेवाल? बहुतेक हात एक-दोन फुटांवर थांबतात. मग दोरी उलगडायची: सहा मीटर. याच मापात सूर्य २२ मीटर रुंद आणि सव्वादोन किलोमीटरहून जास्त लांब. दोरी तिथे संपते.

सहावी जागा उघड्या डोळ्यांची, मैदानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, चंद्र इमारतीआड जाईल अशी. लांब केलेल्या हाताची मूठ दहा अंश, करंगळी एक अंश. मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, म्हणून माप लहान-मोठ्यांना सारखंच लागू पडतं. करंगळीमागे अख्खा चंद्र झाकतो हे कोणालाही सांगून पटत नाही, आडोशातून बाहेर येऊन करून पाहावं लागतं. कृत्तिकेतले तारे मोजायचे, मृगाचा पट्टा आणि त्याच्या रेषेत खाली व्याध. हिरवा लेझर वापरायचाच असेल तर ५ मिलिवॉटच्या आतला, फक्त मोठ्या माणसाच्या हातात, विमान दिसताच बंद. मुलांच्या हाती तो एका क्षणासाठीही देऊ नये. पहिल्या गटाला इथे आकाश पुरतं काळं मिळत नाही, म्हणून त्यांनी आधी मुठींनी मोजमाप करावं आणि तारे शेवटी.

दिवसाउजेडी करायची कामं

डॉब्सोनियन तासभर आधी बाहेर, आरसा हवेच्या तापमानाला येऊ द्यायला. फाइंडर (नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) जुळवायचा तो दूरच्या खांबाच्या टोकावर आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दोन्ही दुर्बिणींना आणि फाइंडरलाही टोपण असलं पाहिजे; एक माणूस तिथून हलता कामा नये. फाइंडरचं लहानसं भिंगही डोळयातला पडदा क्षणात जाळू शकतं, आणि उघड्या मैदानात ठेवलेली दुर्बीण पाहून खेळायला आलेलं पहिलं मूल तिच्यात डोकावतंच. मैदानाचे दिवे कोण आणि किती वाजता बंद करणार, स्वयंचलित दिव्यांची कळ कुठे, हे आदल्या संध्याकाळी त्याच वेळी येऊन पाहावं. दुपारी दिलेल्या आश्वासनाने दिवे विझत नाहीत.

ढग आले तर? तीन जागा आकाशावाचून चालतात, त्यामुळे वेळापत्रक तसंच राहतं. चंद्राच्या जागी ३० सेंमी रुंदीचं चंद्राचं छापील चित्र ३४ मीटरवर लावून त्यावर उजेड टाकायचा; एवढ्या अंतरावरून ते खऱ्या चंद्राइतकंच, अर्ध्या अंशाचं दिसतं. यासाठी ७० मिमीची दुर्बीणच घ्यावी. जवळच्या वस्तूवर केंद्रित करायला तिची नळी सुमारे १४ मिमी बाहेर यावी लागते, डॉब्सोनियनची मात्र ४२ मिमी, आणि तेवढी ती येईलच असं नाही.

निकाल, आणि तरी जे जमलं नाही

कार्डांवरचे चंद्र आता एकसारखे नसतात. रेघ दातेरी असते, खड्डे रेघेजवळ दाटलेले आणि उजळ कडेकडे विरळ. गुरूला कडी नसतात. पण कार्डांचा खरा उपयोग ती एकत्र मांडल्यावर होतो. पहिल्या आणि शेवटच्या गटात १०० मिनिटांचं अंतर असतं. गुरूच्या त्या चार उपग्रहांपैकी आयो गुरूभोवती १.७७ दिवसांत फेरी मारतो. गुरूजवळून आडवा जात असेल तर १०० मिनिटांत तो गुरूच्या व्यासाच्या सुमारे पाऊण पट सरकतो. कार्डं वेळेच्या क्रमाने भिंतीवर लावली की ठिपका सरकलेला दिसतो. जानेवारी १६१०मध्ये गॅलिलिओने अनेक रात्रींच्या नोंदी शेजारी ठेवून हेच पाहिलं होतं, आणि त्याच्याकडे सुमारे वीसपट वर्धनाची दुर्बीण होती. मुलांच्या हातात त्याहून चांगली होती. आयो त्या संध्याकाळी कक्षेच्या टोकापाशी असेल तर मात्र शंभर मिनिटांत काही कळत नाही. हेही दुपारी सॉफ्टवेअरमध्ये तपासून ठेवावं आणि तसं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चार मुलांना पुन्हा बोलवावं.

काही गोष्टी दुसऱ्या संध्याकाळीही सुटल्या नाहीत. शेवटच्या गटाच्या वेळी गुरू ७० अंशांच्या वर गेला. डॉब्सोनियन जवळजवळ डोक्यावर वळवली की तिला आडवी फिरवणं कठीण होतं. नळी थोडीशी ढकलली तरी अख्खं बूड गोल फिरवावं लागतं. त्या गटात जुळवणारा घामाघूम होतो आणि मुलामागचे ४५ सेकंद ६० होतात. सहा-सात मुलं उरली. त्यांच्यासाठी त्या जागेची वेळ लांबवली नाही, कारण एका जागेचा उशीर सहाही गटांना अडकवतो. आकडे टिपून ठेवले आणि शेवटची शिट्टी झाल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनाच पुन्हा बोलावलं. पुढच्या वेळी हा पाव तास वेळापत्रकातच लिहावा लागेल.

७० मिमीच्या भिंगावर दीड तासाने दव बसलं. पुढे जाड काळ्या कागदाची वीस सेंमीची नळी गुंडाळली असती तर ते लांबलं असतं. दव रुमालाने पुसू नये. दुर्बीण खाली झुकवून काही मिनिटं थांबावं किंवा केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्यावी.

आणि चाकाच्या खुर्चीवरचं एक मूल. डॉब्सोनियनचा आयपीस ११० सेंमीवर होता, त्याचा डोळा त्याच्या खाली. त्याच्यासाठी फोन आयपीसला लावून पडद्यावर गुरू दाखवला गेला. तो दिसला, पण तो पडदा होता. बाकीच्यांना मिळालं ते त्याला मिळालं नाही. चंद्राच्या दुर्बिणीचं उत्तर सोपं आहे: तिपाईचे पाय आखूड करून काटकोनी आरसा बाजूला फिरवला की आयपीस बसलेल्या डोळ्यासमोर येतो. म्हणून पुढच्या आखणीत त्या गटाच्या १८ मिनिटांतली पहिली तीन ७० मिमीच्या दुर्बिणीवर गुरूसाठी राखून ठेवली आहेत. २८पट वर्धनातही चार ठिपके स्पष्ट दिसतात.